शिळ्या दचकेच्या नोंदीचा कलह

श्रीशारदेस नमन, आणि रडत्यास हासविणाऱ्या सकळ सोंगाड्यांसही नमन. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सरे, ज्ञानकोशाचे राज्यात एका शब्दापायी मोठा कलह जाहला, तो ऐसा.

राजश्री त्रिंबकजी ओझरकर, वय पंचाहत्तर, सारी उमर बोलपटांच्या फिती कापण्यात व जोडण्यात गेली. त्यांणी कोशात 'शिळी दचक' या शब्दाची नोंद लिहिली: पात्राने वाईट खबर ऐकावी, हासून मान डोलवावी, चार पावले चालावे आणि मग दचकावे. हा शब्द आपले गुरू कैलासवासी विठूनाना मांजरेकर यांणी घडविला, ऐसेही लिहिले. आणि नानांचे नाव जगात दुसरे कोठे उरले नव्हते, म्हणोन त्रिंबकजींचा जीव त्या एका ओळीत गुंतला. मग कोशाचे कारभारी बाळंभट देवभानकर, मोठे करडे, भर सभेत बोलिले, "छापील दोन पुरावे दाखवा, नाही तर नोंद पुसतो." त्रिंबकजी बोलिले, "अहो, पन्नास वर्षे आम्ही हाच शब्द बोलतो!" "बोलता खरे, पण छापिला कोणी?" तेव्हा त्रिंबकजी उठले आणि "बरे तर, पुसा," ऐसे म्हणोन हासत दाराशी गेले, जोडा पायात घातला, आणि मग ऐसे दचकले की सभा लोटपोट जाहली आणि बाळंभटांचा चष्मा नाकावरून घसरला. परंतु बाळंभट डोळे पुसून बोलिले, "हसू आले. पण हसू हा पुरावा नव्हे. आठ दिवस देतो."

आणि धन्य ते बाळंभट, की नोंद पुसू निघालेला पुरुष आपणच ग्रंथालयात बैसला, जुन्या मासिकांची धूळ खाल्ली, आणि सातवे दिवशी दोन उतारे घेऊन त्रिंबकजींचे घरी आला. नोंद तरली. परंतु उताऱ्यांचे साल पाहता विठूनाना तेव्हा पाळण्यात होते. शब्द तमाशाचे फडातील कोणा अनाम सोंगाड्याचा निघाला. बाळंभट खाली पाहून बोलिले, "नानांची ओळ माझ्याने पुसवत नाही. ते तुमचे हाते व्हावे." त्रिंबकजींचे डोळा पाणी आले. मग बोलिले, "नाना म्हणत, फितीचा तुकडा कितीही लाडका असो, खोटा असेल तर काप." आणि आपले हाते गुरूचे नाव काढिले.

सारांश, नोंद राहिली, नानांचे नाव गेले. आणि नानांचा शिष्य ऐसा होता, इतके आम्ही येथे लिहून ठेविले.