भरती, ओहोटी आणि पांघरूण

भूगोलाच्या सरांचा नुसता तिळपापड झाला होता. शाळेतला सर्वांत वरचा वर्ग आजवर त्यांचाच! आणि आता म्हणे, जो ऑनलाइन व्हिडिओ-ऑडिओ वापरून शिकवेल, त्यालाच तो मिळणार! नव्या मॅडमनी तर ज्वालामुखीचा व्हिडिओ दाखवून मुख्याध्यापिकांना खिशातच टाकलं होतं.

"खडू न धरता शिकवायचं? मग मी इतकी वर्षं काय धूळ खायला जात होतो?" सर घरी कडाडले. "असा ऑडिओ धडा करतो, की मॅडमचा ज्वालामुखी विझलाच पाहिजे!"

त्यांनी स्वयंपाकघरात ठाण मांडून मोबाइलवर भरती-ओहोटीचा धडा रेकॉर्ड केला आणि तडक शाळेच्या वेबसाइटवर चढवला. एकदा ऐकून बघायचं? छे! स्वतःचं शिकवणं तपासायला ते काय शिकाऊ होते?

दुसऱ्या दिवशी वर्गात स्पीकर लागला. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या.

"चंद्राच्या गुरुत्वाकर्षणीय प्रभावामुळे सागरजलाचे..." सरांचा रेकॉर्ड केलेला आवाज घुमू लागला. मुलं पेंगू लागली.

तेवढ्यात स्पीकरमधून सरांची बायको म्हणाली, "अहो, कुणाला कळणार आहे हे?"

सर ताडकन उठले. ती मधे बोलली तेव्हा त्यांनी रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबलं होतं की!

"सरळ सांगा ना! चंद्र म्हणजे तुम्ही. सगळं पांघरूण स्वतःकडे ओढता. तुमच्याकडे ढीग, ती भरती! माझे पाय उघडे, ती ओहोटी! वर घोरता ते वेगळंच!"

वर्गात हशा फुटला. सरांनी स्पीकरवर झडप घातली आणि घाईघाईत आवाज आणखी वाढवला! आता शेजारचा वर्गही हसू लागला.

"हा काय चावटपणा आहे? बंद करा ते!" सर स्पीकरवरच खेकसले.

"थांबा," मुख्याध्यापिका डोळे पुसत म्हणाल्या. "मुलांनो, ओहोटी म्हणजे काय?"

सगळे हात वर! "काकूंचे पाय उघडे पडतात ती!"

"वर्ग तुमचाच, सर. अट एकच. पुढचा धडाही त्याच स्वयंपाकघरात रेकॉर्ड करायचा."

सर धुमसतच घरी आले. वर्ग मिळाला होता, पण शिकवलं कुणी? हा कुठला न्याय?

"पुढचा धडा कुठला?" बायकोने विचारलं.

"भूकंप!" सर गुरगुरले.

"मग आज मी मधे बोलतच नाही. तुम्ही फक्त झोपा, मी रेकॉर्ड करते."