उताराचं बोला

आमच्या समोरच्या दारातले पानसेकाका स्वित्झर्लंडला कधीही गेलेले नाहीत, पण तिथल्या एका खोऱ्यात कुठल्या कड्यावरून दुपारनंतर दगड सुटतात हे त्यांना तोंडपाठ आहे. विमानात ते बसलेले नाहीत, पासपोर्ट त्यांनी काढलेला नाही. सिंहगड शेवटचा चढले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. तरीही नारायण पेठेत कुणी युरोपला निघालंय असं कानावर आलं, की काका चष्मा पुसत त्याच्या दारात हजर होतात. "कुठल्या बाजूने चढणार?" तो बिचारा सहलवाल्यांच्या बसमधून फिरणार असतो. तो म्हणतो, "काका, आम्ही चढत नाही, रोपवेने जाणार." काका मान डोलावतात. "बरं. ते चढाचं झालं. उताराचं बोला."

"उताराचं बोला" हे त्यांचं वाक्य आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ आहे. काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, खडकवासल्याच्या बाजूला, कालव्यांचे नकाशे काढण्यात. पाणी वर चढत नाही, ते फक्त उतरतं, आणि ते नीट कसं उतरवायचं यातच माणसाची अक्कल दिसते, असं त्यांचं म्हणणं. "चढाला काय लागतं वहिनी? जोर लावला की झालं." माझ्या मुलाने मोटारसायकल घेतली तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि ब्रेक तपासले. सोसायटीच्या निवडणुकीला दामले उभे राहिले तेव्हा म्हणाले, "निवडून याल हो, त्यात काय. उताराचं बोला." दामले आजतागायत सेक्रेटरी आहेत, त्यामुळे उताराचा प्रश्न अजून आलेला नाही.

हे स्विस खूळ कुठून आलं ते सांगते. काकांचा एक भाचा तिकडे फिरून आला. त्याने आणलेली चॉकलेटं वाटता वाटता संपली आणि मामा राहून गेले. मग त्याने बॅगेच्या तळातून हॉटेलात फुकट मिळालेला एक घडीचा नकाशा काढला आणि वेळ मारून नेली. बाकीच्यांची चॉकलेटं त्याच आठवड्यात संपली. काकांनी तो नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, वर जाड प्लॅस्टिक घातलं, आणि गेली कित्येक वर्षं पानसेकाकू त्यावरच ताटं मांडताहेत. भिंगातून समोच्च रेषा बघत काका वाटा आखतात. इथून चढायचं, या खिंडीतून पलीकडे, हिमनदी सकाळी ऊन यायच्या आत ओलांडायची, मग अमुक धर्मशाळेत मुक्काम. तिकडे डोंगरात गिर्यारोहकांना राहायला ज्या जागा असतात, त्यांना काका धर्मशाळा म्हणतात. एकदा आमटीचा थेंब हिमनदीवर पडला तर त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

अडचण एकच होती. नकाशावरची नावं जर्मन. एकेक नाव अर्ध्या वितीचं, उच्चारायला गेलं की घशात अडकणारं. काकांनी त्यावर सरळ तोडगा काढला आणि डोंगरांना बिल्डिंगमधल्या लोकांची नावं देऊन टाकली. खोऱ्याच्या तोंडाशी जो उभा, उन्हातही थंड असणारा सुळका आहे, ते दामले. मी म्हणजे एक कुरण आहे, तिथे गाई चरतात. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. पण "सगळ्यात सपाट आणि सुरक्षित जागा आहे वहिनी," असं त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की माझा राग तिथेच विरघळला.

काकूंच्या नावाचं मात्र त्या नकाशावर काहीच नव्हतं. मी एकदा विचारलंही. काका भिंग पुसत बसले, आणि काकू आतून म्हणाल्या, "उगीच विचारू नका. माझ्या नावाची दरी निघायची."

पहिल्या मजल्यावर निखिल राहायला आला आणि काकांना खराखुरा शिष्य मिळाला. निखिल आयटीत आहे, शनिवार-रविवार गडांवर असतो, आणि कंपनी त्याला पुढच्या वर्षी कामासाठी झुरिकला पाठवणार होती. काका जिन्यातच उभे राहून त्याला समजावत होते, "दामल्यांच्या अंगावरून जायचं नाही. सकाळी बरे असतात, ऊन चढलं की दगड टाकतात. डावीकडून गुपचूप वळसा घालायचा. आणि दामल्यांचा उतार तर फारच घाण."

मागे खुद्द दामले उभे होते, हातात टाकीच्या नळाची तोटी.

"मी दगड कधी टाकले हो?" दामले म्हणाले.

"तुम्ही नाही. वरचे दामले."

"वर कुठले दामले?"

शेवटी काका त्यांना घरी घेऊन गेले आणि नकाशा दाखवला. दामल्यांनी स्वतःला बराच वेळ न्याहाळलं. मग खाली वाकून विचारलं, "सोसायटीत माझ्याहून उंच कोण आहे?" कुणी नाही म्हटल्यावर चहा घेऊन गेले.

निखिलने काकांची वाट घरी नेऊन मोबाइलवर ताडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी जरा संकोचत काकांकडे वर आला. मीही तिथेच बसले होते. "काका, रूट एकदम परफेक्ट आहे. पण लोक हा एका दिवसात करतात. तुम्ही मध्ये तीन मुक्काम टाकलेत. पेस फारच स्लो आहे."

"असू दे."

"आणि उतरताना प्रत्येक ठिकाणी लांबचा वळसा घेतलाय."

"घाई काय आहे? खोरं कुठे पळून चाललंय?" एवढं बोलून काका उठून गॅलरीत गेले. निखिलने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. वयाचा परिणाम, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मग काकूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा कित्येक वर्षं दुखत होता, पण "चालतंय" म्हणत त्यांनी ढकललं होतं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दवाखान्यातून आल्यावर निखिल आणि दामले यांनी त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर आणलं. दामल्यांनी वाटेत एकदाही सोसायटीचा विषय काढला नाही, यावरून काय ती परीक्षा करा.

ऑपरेशन छान झालं होतं. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची, आणि काकू घरातल्या घरात चालायलाही लागल्या. पण जिन्याच्या तोंडाशी आल्या, की त्यांचे हात कठड्याला घट्ट चिकटायचे. चढायची भीती नव्हती. खाली बघितलं की पाय उचलायचा नाही. आठवडे गेले. ती मुलगी बजावून गेली, की भीती अशीच धरून ठेवलीत तर पुढे अवघड होईल. काकू म्हणाल्या, "मी आता वरच राहते. खाली काय ठेवलंय माझं?"

हे कोण बोलतंय? रोज संध्याकाळी मंडईत जाऊन भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून तासभर भांडणारी बाई. आता भाजी काका आणायचे. "ही वांगी आणलीत की म्युझियममधून उचललीत?" असं काकू विचारायच्या, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता. आणि काका तर गप्पच झाले. माझी मैत्रीण युरोपला निघाली, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. ते नुसतं "हो का" म्हणाले. ही बाई आता कायमची या चार भिंतींत राहणार, आणि हा माणूस तिच्यापाशी बसून राहणार, हे मला स्वच्छ दिसायला लागलं.

एका सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात कागदाची गुंडाळी. "वहिनी, तुमच्याकडे घडीची खुर्ची आहे ना? आणि दहाच्या सुमारास चहा लागेल. दुसऱ्या मजल्यावर."

कागदावर आमचा जिना होता, कालवा काढावा तसा, रेषेत रेष. कुठली पायरी झिजलेली, कुठे कठडा हलतो, कुठे उजेड कमी, सगळं दाखवलेलं. प्रत्येक वळणावर लिहिलं होतं, धर्मशाळा. दामल्यांच्या दारापुढे एक फुली होती, कारण त्यांचं चपलांचं कपाट अर्धा रस्ता अडवतं. काकांनी खाली जाऊन त्यांची बेल दाबली. "दामले, कडा बाजूला घ्या." दामल्यांनी कपाट आत ओढलं.

काकू दारात उभ्या राहून सगळा सरंजाम बघत होत्या. "काय तमाशा आहे?"

"तमाशा नाही, उतार आखलाय," काका म्हणाले. "मी तुझ्यापुढे एक पायरी खाली. दुखरा पाय आधी. दमलीस की मुक्काम. आज एवढंच जमलं तर इथेच राहू, बाकी उद्या."

काकूंनी दुखरा पाय खाली टाकला. मग दुसरा. काका उलटे उतरत होते, दोन्ही हात पुढे धरून, आणि प्रत्येक पायरीचं वर्णन करत होते, "ही रुंद आहे, ही जरा झिजलीय, कडेला ये." वळणावरच्या खुर्चीत काकू टेकल्या. मी घाम पुसायला नॅपकिन दिला. काका पुढचा कठडा हलवून बघायला खाली गेले, तशा काकू हळूच मला म्हणाल्या, "तो निखिल म्हणाला होता ना, तीन मुक्काम कशाला म्हणून? आधी ह्यांच्या त्या वाटेत एकच मुक्काम होता. माझा गुडघा धरायला लागला, तसा दुसरा आला. जिन्यात मी थांबायला लागले, तेव्हा तिसरा. मी काही बोलले नाही. ताटं मीच मांडते, मला दिसतं सगळं."

मी काकूंचा हात धरला, आणि काकांना हाक मारली. "काका, यांचं नाव नकाशावर का नाही, ते आज सांगा."

काका खालून म्हणाले, "चालणाऱ्याचं नाव कुणी नकाशावर लिहितं का? ती बरोबरच असते ना."

दामल्यांच्या दारापाशी चहा झाला, निखिलच्या दारापाशी बिस्किटं. शेवटची पायरी उतरून काकू फाटकापाशी उभ्या राहिल्या. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, हातगाडीवर कोथिंबीर होती, आणि काकूंनी लगेच तिच्याकडे संशयाने बघितलं. काका मात्र तिथल्या कट्ट्यावर बसून राहिले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसलाच नाही.

"मला वाटलं होतं, तू नाहीच उतरणार," ते म्हणाले. "मग मी एकटा कुठे जाणार होतो गं?"

काकू त्यांच्याशेजारी बसल्या, दुखरा पाय पुढे सरळ करून. जिन्याच्या दिशेने एकदा बघितलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत.

"झाला उतार," त्या म्हणाल्या. "आता चढाचं बोला."