वडावरच्या मंडळाला हवे दोन साक्षीदार

एका जंगलात सगळेच कुठून ना कुठून आलेले होते. पण मुलांनो, ही गोष्ट सगळ्यांना फक्त शेवटी आलेल्यांच्या बाबतीतच आठवत असे.

तिथल्या वडावर वानरांचं मंडळ होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांचं रान वाळलं, म्हणून ते इथे आले होते. मंडळाचे अध्यक्ष शेपटेआबा. दर रविवारी सभा भरे. आधी जुन्या रानातल्या जांभळांचं कौतुक, मग वडाखाली गेल्या वर्षी राहायला आलेल्या साळिंदरांची निंदा.

"काटे घेऊन फिरतात," आबा म्हणत. "सरळ मनाच्याला काटे कशाला लागतात?"

"मग आपल्याला शेपट्या कशाला लागतात, आबा?"

ही लवंगी, आबांची नात. दिसेल त्या बिळात डोकं घालायची तिला जन्मजात खोड. रोज ती खाली उतरून साळूमावशीकडून कंद उकरायला शिके. आबांच्या मते, संस्कार कमी पडले होते.

एके दिवशी हत्तींच्या कचेरीतून नोटीस आली. झाडावर राहायचं असेल, तर दुसऱ्या कुळातल्या दोन शेजाऱ्यांनी पौर्णिमेच्या आत ओळख पटवावी. नाहीतर झाड सोडावं.

लवंगीने नोटीस दोनदा वाचली. ती आणि तिची धाकटी भावंडं या वडावरच जन्मली होती. जुनं रान आता फक्त आबांच्या भाषणात हिरवं उरलं होतं.

"आम्हाला कोण ओळखत नाही?" असं म्हणत आबा हरणाकडे गेले.

"पाहिलंय तुम्हाला," हरीण म्हणालं. "नाव काय आपलं?"

आबा परत आले. तातडीची सभा झाली. सभेने हरणाचा निषेध केला.

लवंगी खाली उतरली.

"कुणाची ओळख पटवू?" साळूमावशीने विचारलं. "वरून आमच्या डोक्यावर सालं टाकणाऱ्यांची?"

"हो. त्यांचीच."

"तुझ्या आबांनी मला कधी नावाने हाक मारलीय?"

"नाही मावशी. त्यांना तुझं नावच माहीत नाही."

साळूमावशीने हातातला कंद सोलून संपवला. मग नवऱ्याला उठवलं. "चला. हिच्यासाठी जायचंय."

कचेरीत हत्तीने विचारलं, "या वानरांना ओळखता?"

"ओळखणार कशी नाही? वर्षभर रोज यांचा कचरा माझ्या दारात पडतो."

हत्तीने पाय उचलून शिक्का मारला.

रविवारी आबा सभेत उभे राहिले. "साळिंदरं तशी आपल्यातलीच. कष्टाळू, घरंदाज. काटे ही तर त्यांची परंपरा. खरा धोका आहे तो परवा उंबरावर आलेल्या वटवाघळांचा. उलटी लटकतात. सरळ मनाचं कुणी उलटं लटकतं का?"

टाळ्या पडल्या. लवंगी फांदीवरून उठली.

"भर सभेतून कुठे चाललीस?"

"उंबरावर, आबा. पुढची नोटीस आल्यावर धावपळ नको."

तात्पर्य: परक्यांशी ओळख वाढवू नये. ओळख झाली की ते परके उरत नाहीत, आणि मग तिरस्कारासाठी नवे परके शोधत वडीलधाऱ्यांना या वयात वणवण करावी लागते.