उमाशंकर सरांनी कॅबिनेट बदललं

रविवारी सकाळी नऊ वाजता उमाशंकर सरांनी कॉम्प्युटरचं बटण सातव्यांदा दाबलं, आणि सातव्यांदा काहीही झालं नाही. दिवा नाही, घरघर नाही, साधी टिकसुद्धा नाही.

कॉम्प्युटर त्यांचा नव्हता, बायकोचा होता. मुरुडला घराच्या पुढच्या खोलीत दामिनी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची आणि तिची सगळी भिस्त त्या एका यंत्रावर होती. शनिवारी ती मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला लातूरला गेली. सर याच संधीची वाट बघत होते. काचेच्या बाजूचं, आत निळे दिवे असलेलं नवं कॅबिनेट आणि जास्तीची रॅम त्यांनी गुपचूप आणून कपाटावर ठेवली होती. जुन्या डब्यातले भाग काढून नव्या डब्यात बसवायचे. हायस्कुलात सतरा वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड? स्टाफरूममध्ये त्यांनी तसं सांगूनही टाकलं होतं.

व्हिडिओतल्या माणसाला अकरा मिनिटं लागली. सरांना शनिवारची दुपार लागली, संध्याकाळ लागली आणि शेवटी चार स्क्रू उरले. आता सकाळपासून त्यांनी रॅम काढून, पुसून परत बसवली होती. केबल बदलली होती. एका वायरीवर तर फुंकरही मारली होती. का मारली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दामिनीचा फोन आला.

"अहो, दहाला साक्षी येईल बघा, अण्णारावांची पोरगी. नर्सिंगचा फॉर्म हाय. सगळं भरलेलं हाय, कॉलेजांची नावं तेवढी टाकायची आन् सबमिट करायचं. आज पाचला बंद व्हतंय. मी चारला येते, पण माझ्यासाठी थांबू नका. जमंल ना?"

"हे काय विचारणं झालं?" सर म्हणाले. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांनी फोन ठेवून दिला.

दहाला दारात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि सर जागचे उठले ते थेट मीटरच्या पेटीकडे गेले. त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखा गरगरत थांबला. सरांना हायसं वाटलं.

"लाईट न्हाई," त्यांनी दारातच सांगितलं.

अण्णाराव शेतकरी माणूस, बोलायला गरीब. त्यांनी चपला काढता काढता गल्लीकडे बघितलं. "समोरची गिरणी चालू हाय की सर."

"आपल्याच घरची गेलीय. फेजचं काहीतरी असतंय."

"मंग बसतो. कवातरी येईलच की."

ते बसले. साक्षी मांडीवर फाईल घेऊन शेजारी बसली. आता सरांच्या लक्षात आलं, की बंद मेनवर कॉम्प्युटर दुरुस्त करून बघताही येत नाही. आणि पाहुणे समोर बसलेले असताना मेन वरही करता येत नाही. त्यांनी स्वतःच स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं.

"सर, मोबाईलवरून व्हईल का?" साक्षीने हळूच विचारलं.

"तुझे कागद आन् पासवर्ड समदं आतच हाय ना," सर म्हणाले. निदान एवढं तरी खरं होतं.

अकरा वाजले. खोली तापली. अण्णाराव टोपीने वारा घेऊ लागले आणि मधूनमधून सरांनाही घालू लागले. तो वारा सरांना भाजत होता. बाराला अण्णारावांनी खिशातून फोन काढला.

"वायरमनला बोलवून घेतो."

"रविवारचा कशाला तरास त्याला?"

"पोरीच्या वर्षाचा सवाल हाय सर. मेरिटच्या यादीत वर नाव हाय तिचं."

अण्णारावांनी फोन लावलाच.

वायरमन श्रीशैल दुसऱ्या गावात कामावर होता. तो दोन वाजता शिडी घेऊन आला. कधीकाळी सरांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. त्याने सरांच्या पायाला हात लावला, मग भर उन्हात खांबावर चढला, सगळे जोड तपासले, घामाने निथळत खाली आला आणि मीटरची पेटी उघडली.

"सर, मेन खाली हाय."

"ट्रिप झाला असंल."

"ह्यो जुना हाय. आपोआप पडत न्हाई. हातानंच पाडावा लागतो."

"पाल बसली असंल," सर म्हणाले.

श्रीशैलने सरांकडे बघितलं, मग मेनच्या जाडजूड दांड्याकडे बघितलं, आणि तो वर केला. पंखा फिरू लागला. अण्णाराव उठून उभे राहिले. "चला, करा सुरू."

तिघं टेबलाभोवती उभे असताना सरांनी आठव्यांदा बटण दाबलं. पुन्हा तेच. सहा डोळे त्यांच्याकडे लागले होते, आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "जळाला वाटतं. मेन वर केला तवा होल्टेज जास्त आलं."

श्रीशैलचा चेहरा एकदम उतरला. त्याने शिडी भिंतीला टेकवली आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, म्या कंत्राटावर हाय. मागच्या महिन्यात एकाचा टीव्ही उडाला, त्यात माझी चूक नव्हती, तरी नोटीस दिली. अजून एक तक्रार गेली तर घरी बसवतील. तुम्ही वर कळवू नका. म्या कुठूनबी नीट करून आणतो."

हा मुलगा दुसऱ्या गावाहून ऊन खात आला होता, ज्या बिघाडासाठी आला तो बिघाडच नव्हता, आणि आता तो हात जोडून उभा होता. सर जमिनीकडे बघत बोलले.

"तुझी काही चूक न्हाई श्रीशैल. ह्यो कॉम्प्युटर सकाळपासून बंद हाय. म्याच काल खोलला, म्याच बिघडवला. लाईट गेलीच नव्हती. मेन म्या पाडला."

अण्णारावांच्या हातातली टोपी तशीच राहिली. "म्हणजे दहापासून..."

"हाव," सर म्हणाले. "दहापासून."

साक्षीने घड्याळाकडे बघितलं. तीन वाजायला आले होते. तिने डोळे पुसले आणि फाईल छातीशी धरली. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

श्रीशैल मात्र खाली बसला होता. त्याने कॅबिनेटची काच काढून आत बघितलं. "सर, मला कॉम्प्युटरातलं काय कळत न्हाई. पण बटण म्हणजे काय, दोन टोकं जोडायची. ह्या बटणाची वायर कुठं जातीय?"

वायर सापडली. ती जिथे खोचली होती तिथली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती. साक्षीने मोबाईलचा उजेड धरून वाचलं. "इथं दिव्याचं लिहिलंय. चालू करायचं शेजारी हाय, हे दोन खिळे."

"सर, लावू का टेस्टर?" श्रीशैलने विचारलं. सरांनी मान हलवली. टेस्टरचं टोक दोन बारीक खिळ्यांना एकदम टेकलं, आणि निळे दिवे लागले, पंखा घुमला, पडदा उजळला.

कोणी जल्लोष केला नाही. साक्षी झटकन खुर्चीत बसली. सर बाजूला उभे राहून सांगायला लागले आणि तिने, "मला येतंय सर," म्हणून त्यांना थांबवलं. साडेतीनला फॉर्म गेला. अण्णारावांनी पावती दोनदा वाचून घडी करून खिशात ठेवली, सरांना नमस्कार केला आणि पोरीला घेऊन निघून गेले. तो नमस्कार सरांना फार लागला.

चारला दामिनी आली. खुर्चीत बसून तिने दोन-चार ठिकाणी दाबून बघितलं. "अहो, लई फास्ट झालाय की. तुम्ही केलं?"

"सरांनीच केलंय वहिनी," श्रीशैल शिडी उचलत म्हणाला. "म्या नुसता टेस्टर धरला."

सरांना गप्प राहता आलं असतं. ते दोन क्षण राहिलेही. मग त्यांनी दामिनीला सकाळपासूनचं सगळं सांगितलं. मेन सांगितला, पाल सांगितली, होल्टेजही सांगितलं. दामिनी ऐकत राहिली. शेवटी ती श्रीशैलला म्हणाली, "भाऊ, च्या घेतल्याबगर जायचं न्हाई," आणि सरांकडे न बघता आत गेली.

श्रीशैल पुन्हा खाली बसला. बटणाची वायर अजून नीट बसवायची होती.

"इकडं बघा सर. हा दिव्याचा, हा बटणाचा. टोकं उलटी झाली तरी बटणाला चालतंय, दिव्याला न्हाई. आलं ध्यानात?"

उमाशंकर सरांनी चष्मा पुसून परत घातला, आणि मोबाईलचा उजेड धरून त्याच्या शेजारी मांडी घातली.

"परत एकदा सांग," ते म्हणाले. "सावकाश."