बागूल काका आणि पुरेसा पुरावा

बागूल काकांना पोहे विकणं हे येरागबाळ्याचं काम नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ते जातात, अर्धा किलोच्या दहा पिशव्या फळीवरून काढायला लावतात, एकेक पिशवी काट्यावर ठेवून आकडा खिशातल्या वहीत उतरवतात आणि मग नऊ पिशव्या परत ठेवून एक घरी नेतात. तीही सगळ्यात जड बघून नव्हे, हाताला येईल ती. वाणी एकदा वैतागून म्हणाला, काका, जास्त भरलेली बघून घ्या आणि मोकळे व्हा. त्यावर काका शांतपणे म्हणाले की मला खायचे आहेत एकाच पिशवीतले पोहे, पण प्रश्न सगळ्या पिशव्यांचा आहे.

त्या वेळी रांगेत त्यांच्या मागे मी उभी होते. मला कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर वेळेवर पोचायचं होतं आणि पाव किलो रवा हवा होता. माझा स्वभाव मुळातच तिखट. मी म्हटलं, पाच-दहा ग्रॅम कमी भरले तर काय आभाळ कोसळणार आहे? काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि रागावण्याऐवजी मला शिकवायला घेतलं. तेव्हापासून आजवर माझी सुटका नाही, कारण गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची चार मजली इमारत आहे आणि ते बरोबर माझ्या डोक्यावर राहतात.

काकांचं शास्त्र थोडक्यात असं. कंपनी म्हणते, आमच्या पिशवीत सरासरी पाचशे ग्रॅम पोहे असतात. हा झाला दावा. दावा आधी खरा मानायचा. नव्या सुनेवर घेतात तसा आल्या दिवसापासून संशय घ्यायचा नाही. मग त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा. पुरावा पुरेसा असेल तर दावा फेटाळायचा, नसेल तर गप्प बसायचं. मी विचारलं, गप्प बसायचं म्हणजे कंपनी खरी ठरली का? तर नाही. खोटी ठरली नाही, इतकंच.

"आणि पुरेसा म्हणजे किती?" मी विचारलं.

इथे काकांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, खरी मेख तिथेच आहे. एखादी पिशवी चारशे नव्वदची निघाली तर ते फार कमी की किरकोळ, हे कळायला पिशव्या एरवी किती खाली-वर होतात ते माहीत हवं. हा पसारा पुस्तकात दिलेला असतो, आयुष्यात कोणी सांगत नाही. म्हणून तोही त्याच दहा पिशव्यांतून काढायचा. मी म्हटलं, म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्याचीच साक्ष. काका म्हणाले, अगदी बरोबर, म्हणून त्या साक्षीला मान जरा कमी द्यायचा. नमुना जितका लहान तितका पुरावा जास्त मागायचा. किती जास्त, ते सांगणारा आकड्यांचा तक्ता प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्या खिशात कायम असतो. त्याला ते नुसतं टेबल म्हणतात.

हे वेड त्यांनी सिन्नरहून आणलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत काचेच्या बाटल्यांच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. दर तासाला पाच बाटल्या उचलायच्या, काचेची जाडी मोजायची, कागदावर लिहायची. संध्याकाळी दिवसभराचे सगळे पाच-पाच एकत्र करून हिशेब करायचा आणि मगच बसमध्ये बसायचं. अशी नोकरीची सगळी वर्षं काढली. बसमध्येही स्वस्थता नव्हतीच. वाटेतला द्वारकेचा चौक ओलांडायला वीस मिनिटं लागतात असं ड्रायव्हर म्हणायचा. काकांनी पावसाळाभर मोजून त्याला सांगितलं की तुमचं म्हणणं फेटाळता येत नाही. ड्रायव्हरला यात आपला मान झाला की अपमान, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझीही एकदा अशीच जिरली. माझ्याकडे कामाला येणारी लता रोज उशिरा येते, अशी तक्रार मी जिन्यात करत होते. काकांनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, "नमुना किती?" मी म्हटलं, तीन दिवस. तीन दिवसांवर माणसाला नावं ठेवायची नाहीत, असा निकाल देऊन त्यांनी मला दोन आठवडे वेळा लिहायला लावल्या, वर्गमुळासकट सगळी आकडेमोड माझ्याकडूनच करून घेतली आणि टेबल माझ्यापुढे धरलं. पुरावा पुरेसा नव्हता. मी मुकाट्याने लताला चहा दिला. पण त्या दोन आठवड्यांत ती आकडेमोड मला आली. न येती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

कारण काकांच्या घरात सुमन काकू होत्या.

दोघांना मूलबाळ नाही. दोघंही सटाण्याकडची. आमच्याशी शहरी मराठी, पण आपसात अहिराणी. दोन वर्षांपूर्वी काकूंना कंपवात झाल्याचं निदान झालं. हात थरथरायचा, पाऊल अडकायचं. औषधाने बरंच सावरलं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की हे औषध काही काळ पुरेल, चालणं मंदावतंय असं वाटलं की थांबू नका, लगेच या, पुढचं औषध द्यावं लागेल. हे मला काकांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले की डॉक्टर हुशार आहेत, पण 'असं वाटलं की' म्हणजे काय? वाटण्यावर काय चालतं?

मग त्यांनी मोजायला घेतलं. औषध लागू पडलं तेव्हा काकू खोलीच्या दारापासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत सरासरी बारा सेकंदांत जायच्या. हा झाला दावा. काकू बारा सेकंदांच्या आहेत. त्यानंतर दर रविवारी सकाळी काका हातात घड्याळ घेऊन कठड्यापाशी उभे, आणि काकू दारापासून निघणार. पाच फेऱ्या. खालून मला पावलं ऐकू यायची. पाचवी फेरी झाली की जरा वेळ शांतता, मग काकांचा आवाज, "काही नही शे, सुमन. जशी व्हती तशीच शे." हे मी इतक्या रविवारी ऐकलं की ते ऐकल्याशिवाय रविवार सुरू झाल्यासारखा वाटेना.

गणपतीनंतर मात्र ती पावलं मला वेगळी वाटायला लागली. मध्येच घासल्यासारखी. मी काकांना एकदा म्हटलंही, की दाखवून तर या. ते म्हणाले, पुरावा पुरेसा नाही. माणूस आकडेमोडीतला, चाळीस वेळा तपासून बोलणारा, म्हणून मी गप्प बसले. मला माझ्या कानांपेक्षा त्यांच्या टेबलावर जास्त विश्वास वाटला, याचा मला अजून राग येतो.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. बुधवारी सकाळी दूध उतू जायला लागलं म्हणून काकू घाईने स्वयंपाकघराकडे वळल्या, पाऊल उचललंच गेलं नाही, आणि त्या कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी आणि काकांनी त्यांना रुग्णालयात नेलं. हाडाच्या डॉक्टरांबरोबर त्यांचे नेहमीचे डॉक्टरही आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, चालणं कधीपासून मंदावलंय?

काका म्हणाले, "तसं सिद्ध झालेलं नाही."

डॉक्टर जुने कागद लागतील म्हणाले. काकांचा पाय तिथून निघेना, म्हणून त्यांच्या घराची किल्ली घेऊन मी निघाले. कपाटात फाईल होती आणि फाईलवर रविवारची वही. एका पानावर एक रविवार. मी उभ्याउभ्याच चाळली. बारा, अठरा, अकरा, सतरा, चौदा. खाली सरासरी, पसारा, त्यातून निघालेला पुराव्याचा आकडा, टेबलाचा आकडा, आणि सुबक अक्षरात निकाल, 'पुरावा पुरेसा नाही.' पान उलटलं की पुन्हा नवे पाच आकडे, पुन्हा तोच निकाल. गणपतीपासूनची अशी नऊ पानं. हिशेब कुठे चुकला नव्हता. पाच आकड्यांवर टेबल दोनच्या वर पुरावा मागतं, आणि दर रविवारी तो दोनच्या जरा अलीकडेच राहायचा.

मी त्यांच्याच स्वयंपाकघरात, उतू गेलेल्या दुधाच्या वासात बसले आणि नऊ पानांचे पंचेचाळीस आकडे एकत्र केले. मोबाईलवर हिशेब करायला अर्धा तासही लागला नाही. एवढ्या आकड्यांवर टेबल पावणेदोनही मागत नव्हतं. पुरावा पाचाच्या वर गेला. शंकेला जागाच नव्हती. ती महिनाभर आधीपासूनच नसणार.

रिक्षात मी संतापाने नुसती जळत होते. ज्या माणसाने मला तीन दिवसांवरून लताला नावं ठेवू दिली नाहीत, तो स्वतःच्या बायकोला पाच-पाच तुकड्यांत मोजत बसला. मी तरातरा गेले, बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, काका, कारखान्यात तुम्ही संध्याकाळी सगळे पाच-पाच एकत्र करायचात. हे का नाही केले?

त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"बेरीज करायला कितीसा वेळ लागतो, माधुरी?" ते म्हणाले. "दुसऱ्या रविवारीच कळलं होतं. पाच घेतले की टेबल आपल्या बाजूने बोलतं. मग मी पाचच घेत राहिलो. फेटाळलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं ना, की तू आता बारा सेकंदांची राहिली नाहीस."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. पुढचं औषध वेळेवर मिळालं असतं तर त्या पडल्या नसत्या का, हे मी नंतर डॉक्टरांना एकटीने विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हेच वाक्य मी काकांना जाऊन सांगितलं असतं, पण त्यांना त्यात दिलासा वाटला नसता.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. संध्याकाळी भेटायच्या वेळी आम्ही दोघं खाटेपाशी बसलो होतो. काकू जाग्या होत्या, चेहरा पांढराफटक. काकांनी बराच वेळ त्यांच्या पायावरची चादर सारखी केली आणि मग खाली बघत म्हणाले, "मनं चुकनं, सुमन." आणि त्यांनी आपलं काय चुकलं ते सगळं सांगून टाकलं. पाच-पाच कसे घेतले, ते कळत असून कसे घेतले, सगळं.

काकूंना बोलायला वेळ लागतो. शब्द तोंडात जमा करावे लागतात. त्या काकांशी बोलल्याच नाहीत, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मीपण चोर आहे, माधुरी. शनिवारी मी गॅलरीत जातच नव्हते. कपडेसुद्धा वाळत घालायचे नाही. रविवारसाठी पाय साठवून ठेवायचे. पहिल्या फेरीला सगळा जीव लावायचा, मग जमेल तसं."

मी विचारलं, पण का?

"आकडा मोठा आला की हे दिवसभर जेवायचे नाहीत."

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी कागद पाहिले, औषध बदलावं लागेल म्हणाले, आणि मग कालचाच प्रश्न पुन्हा विचारला, जरा जपून. चालणं किती मंदावलंय, साधारण अंदाज सांगा.

काका उभे राहिले. "गणपतीपासून मंदावलंय," ते म्हणाले. "मी भ्यालो, म्हणून आणलं नाही. पण किती, ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे जेवढे आकडे आहेत, ते सगळे हिने कमी करून दिलेत."

डॉक्टर काकूंकडे वाकले. म्हणाले, "मग आजी, तुम्हीच सांगा. घरात एकट्या असताना कसं चालता?"

काकूंनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग काकांकडे. थरथरत्या हाताने त्यांना दाराकडे खूण केली.

"पहिले तुम्ही जेवी या," त्या म्हणाल्या.

काका गेले नाहीत. खुर्ची ओढून ते त्यांच्या उशाशी बसले. मग काकूंनी डोळे मिटून घेतले आणि एकेक करून सगळं सांगितलं.