सायमन वायरमनचे बल्ब

चाळीस वर्षं वायरमनचं काम करून सायमनला विजेचा शॉक एकदाही बसलेला नाही. बाकी सगळ्याचा बसतो. पावाला बुरशी आली, बाजारात बांगडा मिळाला नाही, माझ्या मुलाने मिशी काढली, काहीही होवो, सायमन दोन्ही हात डोक्याला लावणार. "मास्तरांनू, माका शॉक बसलो!"

आमच्या शिरोड्याच्या वाडीत चार घरं सोडून तो राहतो. एका सकाळी मी दूध घेऊन घरी आलो, तर हा आमच्या जेवणाच्या टेबलावर उभा, आणि टेबल हलू नये म्हणून माझी बायको नलू ते दोन्ही हातांनी धरून उभी.

"वयर पंखो, आणि पंख्याच्या बाजूक ही चूल!" आमच्या जुन्या पिवळ्या बल्बवर टेस्टर रोखून तो ओरडला. "हात लावन बघा. ह्यो दिवो नाय, चूल आसा चूल! वीज सगळी गरम होवन जाता. मास्तर तुमी, पोरांका काय शिकवतास?"

मी विज्ञान शिकवतो. मलाही शॉक बसला.

दुपारपर्यंत घरातले सातही बल्ब उतरले आणि त्या जागी एलईडी लागले. सायमनने मजुरी घेतली नाही, दोन कप चहा घेतला. संध्याकाळी बटणं दाबली. ज्या भिंती इतकी वर्षं पिवळसर समजत होतो, त्या हिरव्या निघाल्या. कोळिष्टकांचा एकेक धागा दिसायला लागला. नलूने माझ्या तोंडाकडे पाहून "अगो बाय!" म्हटलं आणि पुढचं गिळलं.

महिन्याभरात सायमनने सगळी वाडी पालटली. जो नको म्हणेल त्याच्या अंगणात जाऊन तो मोठ्याने हळहळायचा. शेवटी पाद्रींच्या घरातला बल्बही बदलून आला तेव्हा अंगणात उभा राहून त्याने जाहीर केलं, "आता वरसांनी वरसां माका हाक मारूची गरज नाय!"

आणि खरंच, कोणी हाक मारीना.

मग तो आपणच यायला लागला. "धूळ बसली काय उजेड कमी जाता," असं म्हणून फडक्याने बल्ब पुसायचा. पण गंमत अशी, की तो पुसून गेला की त्याच संध्याकाळी एखादा बल्ब पेटायचा नाही. नलू फोन करायची. दुसऱ्या दिवशी सायमन हजर. स्टुलावर चढायचा, काहीतरी खुटखुट करायचा, की उजेड. मग चहा, आणि तासभर गप्पा.

बल्बच बोगस, असं माझं मत झालं. एकदा न पेटणारा बल्ब घेऊन मी बाजारात दुकानदाराशी भांडायला गेलो. त्याने तो होल्डरात लावला आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला आणि मी बल्बकडे.

पुढच्या शुक्रवारी मी पडवीत दाढी करत होतो. आरशात मागचा हॉल दिसत होता. सायमनने बल्ब पुसला, इकडे तिकडे पाहिलं, बल्ब वर दाबून अलगद उलटा फिरवला आणि तसाच सैल सोडून खाली उतरला.

माझा हात गालावरच राहिला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक स्क्रू ढिला ठेवला नाही, तो माझ्या घरातले बल्ब ढिले करत होता!

तो गेल्यावर मी बल्ब घट्ट बसवला. शनिवारी शाळा सुटली तसा तडक त्याच्या घराकडे निघालो, जाब विचारायला. घरात आहे का बघावं म्हणून कुंपणाच्या गडग्यापाशी थांबून फोन लावला. खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं.

सायमन खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खांद्याला हत्यारांची पिशवी, मांडीवर फोन. बायको जाऊन चार वर्षं झाली, लेक म्हापशाला. घरात दुसरं कोणी नाही. फोन वाजल्याबरोबर तो ताडकन उठला. केसांवरून कंगवा फिरवला. तीन वेळा वाजू दिला आणि मग उचलला.

"हॅलो, सायमन वायरमन. कोण, मास्तर? जरा कामात आसंय. बोला."

मी गडग्याआड खाली वाकलो.

"बल्ब पेटणा नाय," मी म्हणालो.

"खंयचो?"

"देवघरातलो." तोंडाला आलं ते बोललो.

देवघरातला बल्ब त्याने कधी सैल केला नव्हता. "देवघरातलो? तो कसो गेलो?" मग घाईने, "बरां, बरां, येतंय."

मी मागच्या परसातून धावत घरी आलो. धापा टाकत नलूला सांगितलं, "सायमन येतोय. देवघरातला बल्ब..."

तिने पुढचं ऐकलंच नाही. स्टूल ओढलं, चढली, बल्ब दाबून सैल केला आणि खाली उतरून पदराला हात पुसले.

"तुला माहीत होतं?"

"पयल्या दिसापासून," ती म्हणाली. "तुमका आज कळलां?" आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

सायमन आला. बूट बाहेर काढून देवघराच्या दारात स्टुलावर चढला. बल्बला हात लावला आणि थबकला. सैल बल्ब त्याच्याएवढा कोण ओळखणार? त्याने तो बसवला, उजेड पडला, तरी तो आमच्याकडे पाठ करून वरच उभा राहिला. मी आणि नलू खाली बघत होतो.

बऱ्याच वेळाने तो उतरला.

"वयनी," त्याने हळूच विचारलं, "उद्या चर्चात मिस्सा झाल्यार येव? काम काय नाय. असोच."

"जेवकच येवा," नलू म्हणाली. "सुंगटां करतंय."