पेंडशांचा अपुरा पत्ता

आमचे शेजारी पेंडसे चहाचा पहिला घोट घेऊन डोळे मिटत आणि निकाल देत, "इनसफिशियंट!" साखर की दूध, हे आपण ओळखायचं.

सुरतेच्या टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. अपुऱ्या पत्त्याच्या पत्रावर मारायच्या शिक्क्यातला हा शब्द त्यांनी घरी आणला. पाऊस, माझं वाचन, मेव्हण्याला आलेली स्थळं, सगळं इनसफिशियंट. एकदा म्हटलं, "सरळ 'कमी' म्हणा की." पेंडसे खवळले. "कमी वेगळं! इनसफिशियंट म्हणजे आहे, पण पुरत नाही. आधी 'आहे', साठे!"

एका रविवारी सकाळपाळी करून ते कचेरीतलं एक पोस्टकार्ड नाचवत आले. पत्ता : 'गुलाब, लूमवाले, कोसाड, सुरत.' मजकूर : 'रविवारी दुपारी भुसावळच्या गाडीनं पिंकीला घेऊन येते. स्टेशनावर या. मला सुरत माहीत नाही. सुमन.'

"रविवार म्हणजे आज! चला, लुना काढलीय."

"पण नियमानं शिक्का मारून परत पाठवायचं ना?"

"कोणाकडे? बाई गाडीत बसलीय!"

कोसाडात पेंडसे भाजीवाल्यासारखे ओरडत सुटले, "गुलाऽब! लूमवाला गुलाऽब!" वस्ती सगळी यंत्रमागांची; तिथं लूमवाला नाही असा माणूस मिळेना, आणि गुलाब तीन निघाले. पहिल्याचं लग्न व्हायचं होतं, तरी तो स्टेशनावर यायला तयार होता. दुसऱ्याला त्याच्या बायकोनंच धरलं, "कोण ही सुमन?" तिसरा रातपाळी करून झोपला होता. "मीच गुलाब शे. काय व्हयनं, भाऊ?" कार्ड ऐकताच तो बनियनवरच लुनावर चढला. मी उतरू लागलो.

"बसा साठे! जागा इनसफिशियंट आहे. आहे ना?"

तिघं स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी लागून गेली होती. पुलाखाली पत्र्याच्या ट्रंकेवर एक बाई बसली होती, येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं तोंड निरखत. गुलाबनं पिंकीला उचललं. बापाची ओळख नसल्यानं तिनं भोकाड पसरलं. पेंडसे टाळ्या पिटत होते.

बाहेर चहाच्या हातगाडीवर मी विचारलं, "दर पत्राला असंच पळता?"

"पुण्याला शिकायला होतो तेव्हा आईनं कार्ड टाकलं. 'चि. विनायक, पुणे.' एवढंच. शिक्का बसून परत गेलं. सुटीत घरी गेलो तर मला जवळ घेऊन म्हणाली, 'एवढ्या मोठ्या गावात तुला कोणीच ओळखत नाही, विनू?'"

त्यांनी चहा संपवला. निकाल दिला नाही.